जुनी नाजूक वस्तू विकली, आता पाठवायची कशी? गावाकडच्या विक्रेत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बरणी उतरते, कुणी पोरगं तिचा फोटो टाकतं, पुण्या-मुंबईचा कुणी घेतो म्हणतो आणि मग घरात प्रश्न सुरू होतात. वरचेवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, वाकडे नंतर. एकदा दिलेलं उत्तर पुन्हा दिलेलं नाही, तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक सांगितला आहे.

१. गिऱ्हाईकानं पैसे पाठवले. लगेच खोक्यात भरू का?

थांबा. आधी वस्तू धुऊन, पुसून सावलीत पूर्ण वाळवा. ओलसर बरणी कागदात गुंडाळून आठवडाभर बंद राहिली की कागद तिला चिकटतो आणि आत कुबट वास धरतो. मग दिवसाच्या उजेडात चारही बाजूंनी फोटो काढा. टवका, चीर, गंज असेल तिथे बोट ठेवून जवळून काढा.

चिनी माती आणि काचेला नखाने हलकी टिचकी मारून ऐका. धड वस्तू खणकन वाजते. आवाज बद्द आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे, मग ती डोळ्यांना दिसो न दिसो. अशी वस्तू वाटेत दगा देते. घेणाऱ्याला हे आधी सांगा आणि मगच सौदा पक्का करा. वजन-मापाचं काम तर भाव सांगण्याच्याही आधीचं आहे (प्रश्न १४).

२. नवा बॉक्स विकत आणायचा, की किराण्याचा खोका चालतो?

चालतो, पण कोणता ते बघून घ्या. बिस्किटं-कुरकुऱ्यांचे खोके हलक्या मालासाठी असतात, कोपरा अंगठ्याने दाबला की आत जातो. साबण, तेलाचे पुडे, सलाईनच्या बाटल्या यांचे खोके दणकट असतात. मेडिकलवाल्याला सांगून ठेवलं तर सलाईनचा खोका फुकट मिळतो. कडेला कापून बघितलं तर नागमोडी कागदाचे थर दिसतात. एक नागमोडी थर असेल तर तो तीन प्लायचा, दोन असतील तर पाच प्लायचा. पाच किलोच्या वर वजन असेल तर पाच प्लायचाच घ्या. भिजून वाळलेला खोका दिसायला धड असतो, ताकद मात्र गेलेली असते.

कृषी केंद्रातला फवारणीच्या औषधाचा खोका वापरू नका. खोका मजबूत असतो हे खरं, पण त्याला वास असतो, आत औषध सांडलेलं असू शकतं आणि वर विषाचं चिन्ह छापलेलं असतं. ते चिन्ह पाहून पोस्टातला माणूस पार्सल परत करेल, आणि त्याचं काही चुकणार नाही. दुसऱ्या कुठल्याही खोक्यावरची जुनी चिठ्ठी, जुना बारकोडही खरवडून काढा. नाहीतर पार्सल आधीच्याच पत्त्यावर फिरत बसतं.

३. आमच्याकडे बबल रॅप मिळत नाही. कापूस, तनस (भाताचा पेंढा), कुटार (मळणीचा भुसा) घालू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून थोडं सविस्तर.

रुई मऊ असते हे खरं, पण वजनाखाली ती चेपते आणि पुन्हा फुगत नाही. भरताना गच्च वाटतं, नागपूरपर्यंत गेलं की वरच्या बाजूला चार बोटं पोकळी झालेली असते. नाजूक वस्तूभोवती पहिला थर म्हणून रुई कापडात गुंडाळून वापरा, पण खोका भरायला ती नको. सरकीसकट कापूस तर नकोच, किडे होतात.

झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) धानाचा तनस मुबलक. पूर्वी काचेचं सामान तनसातच यायचं आणि धड यायचं. आजही चालतो, मात्र कडक वाळलेला हवा, आणि पावसाळ्यात नको, कारण तो ओल ओढतो. वस्तू आधी कापडात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, मग भोवती तनस दाबून भरा. परदेशी पार्सलात तनस अजिबात नको (प्रश्न २१).

कुटार नको. सोयाबीनचं असो की तुरीचं, ते बारीक असतं, धक्क्यांनी खाली बसतं आणि जड वस्तू त्यातून हळूहळू सरकत खोक्याच्या भिंतीला जाऊन टेकते. शिवाय घड्याळात, रेडिओत त्याची धूळ शिरते ती निघत नाही. लाकडाच्या भुशाचंही तेच. मुरमुरे भरायची कल्पना कुणीतरी दर वर्षी सुचवतं. उंदीर आणि मुंग्या वाटेतच पार्सल सोडवतात.

मग काय वापरायचं? वर्तमानपत्रं. त्यांच्या घड्या घालू नका. एकेक पान चुरगाळून मुठीएवढे घट्ट गोळे करा. अंड्याचे पुठ्ठ्याचे ट्रे उत्तम, ते चेपतात पण धक्का खातात. जुन्या गादीचा फोम, फाटकी गोधडी, सुती लुगड्याचे तुकडे हेही चालतं. तालुक्याला टीव्ही-फ्रिजच्या दुकानात थर्माकोलचे कोपरे आणि बबल रॅप रोज कचऱ्यात जातो. संध्याकाळी दुकान आवरायच्या वेळी गेलात तर पोतंभर मिळेल.

एक सावधगिरी: वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या चिनी मातीला, बिनचकाकीच्या मडक्याला आणि फोटोला लागते. तिथे आधी कोरा कागद किंवा कापड, मग वर्तमानपत्र.

४. ते ठीक. पण नेमकं भरायचं कसं?

लोणच्याची चिनी मातीची बरणी धरून सांगतो, बाकी सगळं त्यावरून जमेल.

झाकण वेगळं काढा. ते बरणीवर ठेवून चिकटपट्टी मारली की दोन्ही एकमेकांवर आपटून फुटतात. बरणीच्या पोटात कागदाचे गोळे भरा, गच्च पण रेटून नव्हे. आत आधार असला की बाहेरून बसलेला दाब एकट्या भिंतीवर येत नाही. मग बरणीला कापडाचे दोन वेढे, त्यावर बबल रॅप किंवा फोमचे तीन वेढे. बबल रॅपचे फुगे आतल्या बाजूला. तोंड आणि बूड इथे जास्तीचा वेढा द्या. मार बहुतेकदा तिथेच बसतो.

आता दोन खोके. लहान खोक्यात बरणी अशी बसवा की खाली, वर आणि चारही बाजूंनी दोन-तीन बोटं भरण राहील. तो खोका बंद करून मोठ्या खोक्यात ठेवा आणि मधे सगळीकडून पाच सेंटिमीटर भरण घाला. झाकण वेगळं गुंडाळून लहान खोक्याच्या कोपऱ्यात, बरणीला न टेकता.

बंद केलेला खोका कानाजवळ धरून हलवा. आत खडखड, सरकल्यासारखं, काहीही जाणवलं तर उघडा आणि आणखी भरा. मग स्वतःला एकच विचारा: हा खोका कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर सोडायची हिंमत आहे का? वाटेत तो तसा पडणारच आहे, आणि एकदाच नव्हे. वस्तू फुटते ती बहुधा आत हलल्यामुळे. बाहेरचा मार खोका खातो, पण आतली पोकळी काही खोक्याला भरून काढता येत नाही.

५. चिकटपट्टी किती मारायची? सुतळी बांधली तर?

दोन इंची तपकिरी पट्टी घ्या. मधल्या फटीवर लांब पट्टी आणि दोन्ही टोकांच्या कडांवर आडव्या पट्ट्या, वर आणि खाली दोन्हीकडे. कागदी पांढरी पट्टी, शाळेतली सेलो टेप यांचा उपयोग नाही. धुळीच्या खोक्यावर पट्टी बसत नाही, आधी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. उन्हाळ्यात स्वस्तातल्या पट्टीचा गोंद पातळ होतो आणि कडा आपोआप सुटतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये पट्टीवर दोन रुपये जास्त घाला. जड खोक्याला वरून सुतळी चांगली, उचलायला हात मिळतो. नुसत्या सुतळीवर विसंबू नका.

६. वर "काच आहे, सांभाळून" असं मोठ्या अक्षरात लिहिलं की पुरे ना?

लिहा, पण कुणी वाचणार नाही असं धरूनच भरा. थैलीत तोंड बांधलेल्या पार्सलावर काय लिहिलंय ते थैली फेकणाऱ्याला दिसत नाही. "ही बाजू वर" याचंही तसंच. वस्तू कोणत्याही बाजूवर पडली तरी टिकली पाहिजे.

७. कपबश्या आणि ताटल्या एकावर एक रचून पाठवल्या तर जागा वाचेल का?

जागा वाचेल, ताटल्या वाचणार नाहीत. ताटल्या खोक्यात उभ्या ठेवा, रॅकमध्ये ठेवतो तशा, प्रत्येकीला वेगळा कागद आणि मधे पुठ्ठा. आडव्या रचल्या की खालच्या ताटलीवर सगळ्यांचं वजन येतं. कपाच्या कानात कागदाची सुरळी खुपसा, मग अख्खा कप गुंडाळा. कान तुटलेला कप कितीही जुना असला तरी त्याला कोणी विचारत नाही.

८. काचेची मोठी तसबीर आहे, देवाची. काचेवर पट्ट्या मारून पाठवू का?

काच काढून ठेवा आणि तसबीर बिनकाचेची पाठवा. हे माझं ठाम मत आहे. काच घेणाऱ्याच्या गावात शंभर-दोनशे रुपयांत बसते, पण फुटलेल्या काचेने जुन्या छापील चित्रावर ओरखडा उठला तर ते चित्र कुठून आणणार? घेणारा मूळ काचेसाठीच अडून बसला तरच पट्ट्यांची फुली मारा (म्हणजे फुटली तरी तुकडे जागेवर राहतात), काचेवर पुठ्ठा, दोन्ही बाजूंना फ्रेमपेक्षा मोठं प्लायवुड किंवा जाड पुठ्ठा, आणि कोपऱ्यांना थर्माकोल. चिकटपट्टी चित्राला किंवा सोनेरी फ्रेमला कधीही लावू नका, वर्ख निघून येतो.

९. आजोबांचं लंबकाचं घड्याळ पाठवायचं आहे. चालू आहे. तसंच पाठवू?

चालू घड्याळ चालूच पोहोचावं असं वाटत असेल तर लंबक काढा. तो ज्या पातळ पोलादी पट्टीला लटकतो ती पट्टी एका आडव्या धक्क्याने पिळते, आणि सुटा लंबक तर आतून काचेवर घाव घालत राहतो. तो गुंडाळून वेगळा द्या. टोले देणाऱ्या हातोडीमागे कागदाची घडी अडकवा. किल्ली छोट्या पुडीत घालून पाठीमागे चिकटवा, ती हरवली तर नवी मापाची मिळणं कठीण. दाराच्या काचेला प्रश्न ८ मधली फुली. पोटात कागदाचे गोळे भरा, पण चाकांपाशी नको. आणि लंबक परत कसा अडकवायचा याचा मिनिटभराचा व्हिडिओ करून घेणाऱ्याला पाठवा, नाहीतर रोज एक फोन येईल.

१०. कंदील आणि गॅसबत्ती?

रॉकेलचा थेंबही नको. ज्वालाग्राही वस्तू टपालात बंदच आहे, आणि नुसता वास आला तरी पार्सल अडकतं. टाकी रिकामी करून झाकण उघडं ठेवून एक-दोन दिवस उन्हात ठेवा, वात काढून टाका. काच वेगळी काढा, पोटात कापड भरा, तिला स्वतंत्र छोटा खोका द्या. गॅसबत्तीची जळालेली जाळी हात लावताच भुगा होते, ती काढूनच टाका.

११. जुन्या रेकॉर्ड आहेत, ग्रामोफोनवर वाजणाऱ्या. किती नाजूक असतात?

दोन जाती ओळखा. ७८ फेऱ्यांची जाड, जड तबकडी लाखेच्या मिश्रणाची असते. ती पडली की तुकडे. त्यानंतरची पातळ, लवचिक तबकडी प्लास्टिकची; ती सहसा फुटत नाही, पण उन्हाने वाकते. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत ती लाटेसारखी होते आणि पुन्हा सरळ होत नाही. म्हणून ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा पंचेचाळीशीत असताना प्लास्टिकची तबकडी पाठवूच नका. घेणाऱ्याला मृगापर्यंत थांबवा. खरा शौकीन थांबतो.

भरताना तबकडी कव्हरातून काढून नुसत्या आतल्या कागदी पिशवीत ठेवा, कव्हर तिच्या मागे. आत राहिली तर धक्क्याने कव्हरची शिवण फाडून बाहेर येते, आणि जुन्या तबकडीच्या भावात अर्धा वाटा कव्हराचा असतो. दोन्ही बाजूंना तबकडीपेक्षा मोठे पुठ्ठे, एकाच्या नागमोडी रेघा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या. सगळ्यांचा गठ्ठा घट्ट बांधून खोक्यात उभा ठेवा.

१२. रेडिओ, टीव्ही, जुना मोबाइल यांचं वेगळं काही?

रेडिओतले सेल काढा. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) जुना रेडिओ असेल तर आधी आतला फोटो काढा, मग एकेक व्हॉल्व्ह उपटून त्यावर जागेचा क्रमांक लिहा आणि वेगळे गुंडाळा. ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू आवळा. तो सुटला तर आतलं सगळं फोडत फिरतो. बॅकेलाइटची (जुन्या कडक प्लास्टिकची) पेटी दिसते कणखर, पण ठिसूळ असते, तिला दोन खोकेच लागतात.

मागे पोट असलेला जुना टीव्ही पाठवू नका. त्याच्या काचेच्या नळीत निर्वात पोकळी असते, ती फुटली की काच आत ओढली जाऊन बाहेर उडते. जवळपास कुणी घेत असेल तर गाडीने नेऊन द्या.

मोबाइल, कॅमेरा, लॅपटॉप बंद करून, बॅटरी त्यातच ठेवून पाठवा आणि खिडकीवर तसं सांगा. सुटी लिथियम बॅटरी विमानाने जाणाऱ्या टपालात चालत नाही. फुगलेली बॅटरी कुठूनच पाठवू नये, ती घरातही ठेवू नये.

१३. शिलाई मशीन तर लोखंडाचं. त्याला काय होणार?

तेच तर फुटतं! जुन्या मशीनचं डोकं बिडाचं (ओतीव लोखंडाचं) असतं. बीड वाकत नाही, कोपऱ्यावर आपटलं की तडकतं, आणि ते वेल्डिंगने धड जुळत नाही. डोकं टेबलापासून सोडवा, सुई, बॉबिन, रिळाची दांडी काढा, तेल पुसा. डोकं लाकडी फळीला स्क्रूने किंवा पट्ट्याने आवळा, चाकाभोवती फोम घाला आणि सगळं लाकडी पेटीत ठेवा. संत्र्याच्या पेट्या वरूड-काटोलकडे हव्या तेवढ्या मिळतात, पण त्यांच्या पातळ फळ्यांचं एवढ्या वजनापुढे काही चालत नाही. खाली जाड फळी मारून घ्या.

१४. पाठवायला किती खर्च येईल हे आधी कसं कळणार?

भाव सांगण्याआधीच एकदा कच्चं भरून बघा आणि वजन आणि माप दोन्ही घ्या. मोठा पण हलका खोका असला की कुरिअरवाले आकारमानाचं वजन लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि साधारणपणे ५००० ने भागा. ४० × ३० × ३० चा खोका ७.२ किलो धरला जातो, आत दोन किलोची बरणी असली तरी. म्हणून दोन खोक्यांची पद्धत (प्रश्न ४) पाळा, पण बाहेरचा खोका गरजेपेक्षा मोठा घेऊ नका. भाव सांगताना "पॅकिंग आणि पाठवणी वेगळी" असं पहिल्याच निरोपात लिहा. पाचशेच्या बरणीला चारशे खर्च येणार असेल तर ती अकोल्यात किंवा यवतमाळातच विकलेली बरी.

१५. पोस्ट, कुरिअर की ट्रॅव्हल्स? आणि गावातल्याच पोस्टात दिलं तर?

गावातलं शाखा डाकघर दिवसातून काही तासच उघडं असतं, आणि तिथून पार्सल थैलीत घालून मोटरसायकलीने नाहीतर एसटीने उप डाकघरात जातं. तिथे थैली बदलते, नागपूरला पुन्हा बदलते. प्रत्येक बदलीला एक आपट धरा. नाजूक वस्तू असेल तर तालुक्याच्या उप डाकघरात स्वतः नेऊन द्या. एक थैली वाचते, आणि मोठं पार्सल शाखेत घेतीलच असंही नाही.

"रजिस्टरी" मागू नका. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळली आहे. स्पीड पोस्ट घ्या, आणि वस्तू महागाची असेल तर ओटीपी घेऊन देण्याची सोयही मागून घ्या. पावतीवरचा १३ अक्षर-अंकांचा क्रमांक फोटो काढून लगेच घेणाऱ्याला पाठवा.

कुरिअरवाला तालुक्यापर्यंतच येतो, आणि पुढचं गाव दिसलं की "ग्राहकाने घेऊन जावे" असा शेरा मारतो. तुम्ही पाठवणारे असाल तर घेणाऱ्याच्या पिनकोडवर सेवा आहे का ते आधी विचारा. दुर्गम गावात पोस्टच पोहोचतं.

ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवण्याला लोक नाकं मुरडतात, पण एका बाबतीत ती पद्धत चांगली आहे: एकदा चढवलं, एकदा उतरवलं. मोठ्या तसबिरीला, घड्याळाला ते सोयीचं. तोटा हा की पावती कच्ची, हरवलं तर दाद नाही, आणि घेणाऱ्याला पहाटे थांब्यावर उभं राहावं लागतं. गावातलं कुणी पुण्याला नोकरीवर परत जात असेल तर त्याच्या मांडीवरून गेलेली वस्तू सगळ्यात सुरक्षित जाते. भाडं म्हणून त्याला काहीतरी द्या, फुकट राबवू नका.

१६. ट्रान्सपोर्टवाला बिल मागतो. आजीच्या बरणीचं बिल कुठून आणू?

साध्या कागदावर लिहून द्या: वस्तूचं नाव, वापरलेली घरगुती वस्तू, अंदाजे किंमत, तुमचं नाव-पत्ता, सही, तारीख. ई-वे बिल (मालवाहतुकीचं सरकारी ऑनलाइन बिल) साधारण ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला लागतं, आणि वापरलेल्या घरगुती सामानाला त्यातून सूट आहे. किंमत मुद्दाम कमी लिहू नका, प्रश्न १९ मध्ये ती आडवी येते.

१७. पत्ता कसा लिहायचा? गावाला तर घरक्रमांकच नाही.

मु., पो., ता., जि. आणि पिन. "मु." आणि "पो." वेगळे असतील तर दोन्ही लिहा, कारण पोस्ट शेजारच्या गावात असतं आणि सावंगी, बोरगाव, पिंपळगाव नावाची गावं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. विदर्भातला पिन ४४ ने सुरू होतो, दुसरा काही दिसला तर विचारून घ्या. घराची खूण लिहा: मारुतीच्या देवळामागे, ग्रामपंचायतीसमोर. फोन नंबर दोघांचाही. राज्याबाहेर जाणार असेल तर पत्ता इंग्रजी लिपीतही लिहा. वरची चिठ्ठी पावसात पुसली तर काय, म्हणून तोच पत्ता एका कागदावर लिहून खोक्याच्या आत, सगळ्यात वर ठेवा.

१८. पावसाळ्यात पाठवू की थांबू?

आतली वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आणि खोक्याला बाहेरून प्लास्टिक गुंडाळून पाठवता येतं. लाकूड, कागद, कापड मात्र भर पावसात प्लास्टिकमध्ये बंद करू नका, आतली दमट हवा बुरशी आणते. गडचिरोलीच्या दक्षिणेकडे पाठवताना रस्ता चालू आहे का ते आधी विचारा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि थैल्या अलीकडेच पडून राहतात. जुलै-ऑगस्टात तिकडचा सौदा असेल तर पोळ्यानंतरची तारीख द्या.

१९. फुटलं तर पैसे कोण देणार?

विमा नसेल तर फार काही हाती लागत नाही. स्पीड पोस्टात वस्तू हरवली किंवा फुटली तर भरपाई पाठवणीच्या खर्चाच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यांतलं जे कमी असेल तेवढीच. महाग वस्तू असेल तर खिडकीवर विमा मागा आणि किंमत खरी लिहा. घेणाऱ्याला आधीच सांगा: पार्सल ओलं, चेपलेलं, आतून वाजणारं असेल तर सही करण्याआधी पोस्टमास्तरांसमोर उघडून मागायचं. सही झाल्यावर तक्रारीत जीव राहत नाही. पोस्टाचा तक्रारीचा टोल फ्री नंबर १८०० २६६ ६८६८.

२०. घेणारा म्हणतो फुटकी आली. मी तर धड पाठवली होती. आता?

भांडणाआधी पुरावा. तुमच्याकडे प्रश्न १ मधले फोटो आणि भरतानाचा सलग व्हिडिओ हवा, मधे न तोडलेला, शेवटी चिठ्ठी दिसणारा. त्याच्याकडे उघडतानाचा व्हिडिओ हवा. ही अट सौद्याच्या वेळीच लिहून टाका. त्याच्या व्हिडिओत खोका बाहेरून धड आणि वस्तू आत फुटलेली दिसली तर बहुधा भरण कमी पडलं होतं. पैसे परत करा. खोका चेपलेला असेल तर दावा वाहतूकवाल्यावर. तडा जुना की नवा हे कडेवरून कळतं. ताज्या तड्याची कड पांढरी, स्वच्छ असते. जुन्या तड्यात मळ भरलेला असतो.

पैसे मात्र पाठवण्याआधीच घ्या. "माल बघून देतो" हे जुन्या वस्तूला परवडत नाही, नाकारली तर परतीचा मारही तिलाच बसतो. आणि "मी फौजेत आहे, क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील" असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. फसलात तर उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार नंबरवर कळवा.

२१. परदेशातल्या मराठी माणसाला बरणी हवी आहे. जाईल का?

जाईल. सीमाशुल्काच्या फॉर्मवर वस्तू आणि किंमत खरी लिहा. भरण म्हणून तनस, गवत, कुटार नको, कीड जाऊ नये म्हणून बरेच देश ते अडवतात. फळीची पेटीही बिनप्रक्रियेच्या लाकडाची चालत नाही. शंभर वर्षांच्या वरच्या वस्तूंसाठी पुढचा प्रश्न वाचल्याशिवाय पाऊल टाकू नका.

२२. शेतात नांगरताना जुनी मूर्ती निघाली, घरात चितळाची शिंगं आहेत, डॉक्टरकाकांचं पाऱ्याचं बीपी मशीन आहे. हे विकता येतं का?

तिन्हीचं उत्तर नाही, कारणं वेगळी.

जमिनीत दडलेलं काही सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पवनी, मनसर भागात जमिनीतून जुनं काही निघणं नवलाचं नाही, म्हणून तिकडच्यांनी हे नीट वाचा. याशिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांच्या वरच्या मूर्ती, चित्रं, नाणी आणि पंचाहत्तर वर्षांच्या वरची हस्तलिखितं येतात. त्यांच्या खरेदी-विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो, काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

शिंगं जंगलात आपोआप गळालेली असली तरी विकता येत नाहीत, वन्यजीव कायदा तोही १९७२ चाच. वाघनखाचं लॉकेट, हस्तिदंताची डबीही त्यातच. जाहिरातीचा फोटो टाकणंही अंगाशी येतं. ताडोबा-मेळघाटाच्या भोवती राहणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको, पण विचारणारे दर महिन्याला असतात. गळालेली मोरपिसं देशात विकता येतात, परदेशात नाही.

पारा विमानाच्या ॲल्युमिनियमला खातो, म्हणून पाऱ्याचं यंत्र, मोठा थर्मामीटर टपालात घेत नाहीत. ते तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन विल्हेवाटीबद्दल विचारा.

२३. घेणारा घरी नव्हता, पार्सल परत आलं. तेच पुन्हा पाठवू का?

तसंच नाही. ते दुप्पट प्रवास करून आलं आहे आणि आतलं भरण चेपलेलं आहे, बाहेरून कळलं नाही तरी. सही करण्याआधी हलवून बघा, मग व्हिडिओ सुरू ठेवून उघडा, वस्तूला पुन्हा टिचकी मारा. भरण नवं घाला, कोपरे मऊ पडले असतील तर बाहेरचा खोका बदला, जुनी चिठ्ठी काढा. दुसऱ्या वेळच्या पाठवणीचे पैसे घेणाऱ्याकडून आधी घ्या, आणि या खेपेला त्याच्या शेजाऱ्याचाही नंबर मागून ठेवा.